परंड्याला गेलेला ठिपका

मीरा आणि अर्णव, परवा बोलताना तुम्ही विचारलंत की गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी असलेली पांढरी दांडी कुठे गेली, आणि विमानवाले आजोबा हल्ली दिसत का नाहीत. दांडी मी उतरवून, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. विमानवाले आजोबा, म्हणजे आपल्या शेजारचे मल्लिनाथअप्पा, आता बंगळुरूला त्यांच्या मुलीकडे असतात. तुमच्या आईने मध्येच फोन घेतला म्हणून तेव्हा एवढंच सांगता आलं. पण ज्या माणसाने इतकी वर्षं माझं डोकं उठवलं, त्याला दोन वाक्यांत आवरणं मला जमणार नाही.

अप्पा मूळचे तामलवाडीचे. तरुणपणी रेडिओचं काम शिकले, विमानतळाच्या नोकरीत लागले आणि निवृत्त होईपर्यंत दक्षिणेतल्या एका विमानतळावर रडारची देखभाल करत राहिले. मग धाराशिवला येऊन आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांनी घर बांधलं. उंच, सडपातळ, घरातसुद्धा शर्ट पँटीत खोचलेला. पायात मात्र रबरी चपला, आणि त्या कधीही जोडीने एका जागी नाहीत. एक माझ्या पायरीवर, दुसरी तुळशीपाशी. मी रोज त्या उचलून एकत्र ठेवायची आणि ते रोज म्हणायचे, “बाई, माझी चप्पल कुणी हलवली?”

फाटकात उभे राहिले की त्यांची मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरायची, मग पुन्हा पहिल्यापासून. गल्लीतलं कुत्रंसुद्धा त्यातून सुटायचं नाही. त्यांची बायको महादेवी आतून म्हणायची, “लागलं बघा फिरायला आमचं रडार.” महादेवी उमरग्याच्या पलीकडची, सीमेलगतच्या गावची. चिडली की तिच्या तोंडून कानडी निघायचं. “साकु, साकु,” म्हणजे पुरे, हा शब्द मी तिच्याकडून इतक्या वेळा ऐकला की आता माझ्याही तोंडी बसला आहे.

अप्पांचं एक ठरलेलं वाक्य होतं. भाजीवाला म्हणाला की मेथी सकाळचीच आहे, तर अप्पा म्हणणार, “असं तू सांगतोस. मेथी कुठं सांगती?” आणि जुडी उलटी करून मुळं बघत बसणार. मागे आम्ही बायका उन्हात उभ्या. महादेवीने आमटीत मीठ घातलंय म्हटलं तरी तेच. शेजारी राहायला आले तेव्हा मला म्हणाले, “बाई, तुम्ही कॉलेजात इंग्रजी शिकवत होता म्हणं?” मी हो म्हटलं. “असं तुम्ही सांगता,” म्हणून हसले. मला वाटलं, गंमत केली. दुसऱ्या दिवशी बँकेत काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला विचारून आले आणि फाटकातूनच ओरडले, “बरोबर निघालं, बाई!” सगळ्या गल्लीने ऐकलं.

हा स्वभाव जन्माचा की नोकरीचा, मला सांगता येणार नाही. ते स्वतः नोकरीकडे बोट दाखवत. “रडार म्हणजे काय, बाई? आपण अंधारात हाक मारायची आणि समोरच्यावर आपटून परत येणारा आवाज ऐकायचा. विमानाची मर्जी विचारायची न्हाय. ते बोलू द्या न्हायतर गप बसू द्या, ते कुठं हाय ते आपल्याला कळतंय.” पुढे दुसऱ्या तऱ्हेचं रडार आलं. ते विमानाला प्रश्न विचारतं आणि विमान आपला आकडा सांगून उत्तर देतं. हेही अप्पांना चालत होतं. विचारल्यावर उत्तर देणं ही रीत झाली, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा राग होता तो नव्या पद्धतीवर. आता विमानाला कुणी विचारत नाही. ते उपग्रहांवरून आपली जागा स्वतःच ठरवतं आणि क्षणाक्षणाला आपणहून जाहीर करत जातं, मी अमुक, मी इथे आहे, इतक्या उंचीवर, या दिशेला चाललोय. ते ऐकायला रडारसारखी फिरणारी अवाढव्य जाळी लागत नाही. एक दांडी आणि तळहातावर मावणारी पेटी पुरते. त्यामुळे अप्पांच्या विमानतळावरचं जुनं रडार बंद करून या पेट्यांवरच काम भागवायचं ठरलं होतं.

“आपणहून सांगतंय!” अप्पा माझ्या ओट्यावर बसून म्हणत. “आपल्या जिल्ह्यात ‘निघालोच’ म्हणणारा माणूस अंघोळीला बसलेला असतो. ‘तुळजापुरात आलोय’ म्हणणारा अजून तामलवाडीच्या फाट्यावर चहा पितोय. आणि मी विमानावर इस्वास ठेवू?”

“अप्पा, विमानाला खोटं बोलायचं कारण काय?” मी विचारलं.

“खोटं न्हाय हो, बाई. पण त्याचंच चुकलं तर? आपण कुठं हाय ते त्यालाच उलटं वाटतंय, तर ते उलटंच वरडत जाणार. रडार त्याचं ऐकत न्हाय. रडार बघतंय.”

 त्यानंतर महिनाभर मला हाच मुद्दा ऐकावा लागला.

मग त्यांच्या मुलीने, शैलाने, वाढदिवसाला भेट म्हणून तसलीच दांडी आणि तसलीच पेटी पाठवली. बापाचा वेळ जावा असा तिचा सरळ हेतू. मला वाटलं, परत करतील. पण अप्पा म्हणाले, “लावतो. एक दिवस याला खोट्यात पकडतो.” त्यांचं घर एकमजली, आपलं दुमजली, म्हणून दांडी आपल्या गच्चीवर. बाहेरच्या जिन्याने ते केव्हाही वर जायचे. हातात लॅपटॉप, गळ्यात दुर्बीण. पडद्यावर विमानांचे ठिपके सरकत असत, मुंबईहून हैदराबादला जाणारं, दिल्लीहून बंगळुरूला जाणारं. अप्पा डोळ्यांनी विमान शोधत, मग ठिपका बघत, मग पुन्हा विमान. प्रत्येक वेळी ठिपका बरोबर निघे आणि प्रत्येक वेळी अप्पा थोडे जास्त खट्टू होऊन खाली येत.

पुढे त्यांना टाकीचा त्रास होऊ लागला. “बाई, ही टाकी पलीकडं सरकवा. पूर्वेची विमानं अडायला लागली.” मी स्पष्ट नाही म्हटलं. उन्हाळ्यात मी वर कुरडया वाळत घातल्या, तर त्यांनी चटईच बाजूला ओढली, कारण त्यांना उभं राहायला तीच जागा हवी होती. अर्ध्या कुरडया मोडल्या. “चुरा फोडणीला चांगला लागतोय,” म्हणाले. त्या दिवशी “साकु” मी म्हणाले.

एके दुपारी ते जिन्यावरून ओरडतच खाली आले. डोक्यावर विमान दिसतंय आणि ठिपका मात्र पार बार्शीच्या पुढे! सापडलं म्हणे खोट्यात. तसेच स्कूटर काढून बाजारात गेले, खव्याचे पेढे आणले आणि गल्लीत घरोघर वाटले. पेढा का, असं प्रत्येकाला रडारपासून समजावून सांगितलं. संध्याकाळी शैलाचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. पेटी आणि लॅपटॉपमधला संपर्क तुटला होता आणि पडद्यावरचं चित्र दुपारपासून जागच्या जागी गोठलेलं होतं. विमान खरंच बोललं होतं. अप्पांनीच ते ऐकलं नव्हतं.

“मग पेढे परत मागा आता,” महादेवी म्हणाली. “आन् तुमी किती खाल्ले ते आधी सांगा.”

हा प्रश्न चेष्टेचा नव्हता. अप्पांना साखरेचा आजार होता, सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन घ्यायचे. इंजेक्शन घेऊन जेवण लांबलं की साखर एकदम खाली यायची. घाम, थरथर, मग असंबद्ध बोलणं. एकदा तुळजापुरात एका बंद दुकानाच्या पायरीवर ते असेच बसलेले सापडले. लोकांना वाटलं, प्यालेला आहे. ज्या माणसाने आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही त्याच्याभोवती माणसं जमून हसत होती. एका ओळखीच्या दुकानदाराने महादेवीला कळवलं म्हणून निभावलं. तेव्हापासून अप्पा घराबाहेर पडले की ती फाटकातच उभी असे. “कुठं पडले असतील, काय ठावं,” एवढंच ती म्हणायची, पण दिवसातून किती वेळा!

शैलाने यावर उपाय काढला. अप्पांच्या फोनमध्ये अशी सोय केली की ते जिथे जातील तो ठिपका महादेवीच्या आणि माझ्या फोनवर दिसावा. मी ते अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“म्हणजे आता मी विमान?”

“हो,” मी म्हटलं. “आणि आम्ही खाली बसून ऐकणार.”

“मी जलमभर दुसऱ्यांना शोधलं. मला कुणी शोधायचं न्हाय. आणि त्या फोनवर इस्वास ठेवू नका, बाई. मी दाखवतो तुम्हाला.”

दाखवलं. सांगते कसं.

त्या दिवशी सकाळी अप्पा स्टँडवर चक्कर मारून येतो म्हणून गेले. थोड्या वेळाने महादेवी फोन हातात धरून माझ्याकडे आली. ठिपका शहराबाहेर पडून चालला होता. “बाई, हे कुठं निघाले? सांगितलं न्हाय, काय न्हाय.” फोन लावला तर वाजतोय, उचलत नाहीत. ठिपका थांबे, पुढे जाई, थांबे. शेवटी परंड्याच्या स्टँडवर जाऊन बसला आणि हलेना. परंड्यात आमचं ना त्यांचं कुणी नाही. महादेवी म्हणाली, “पडले बघा. उचलत न्हाईत म्हंजे पडलेच.”

मी समोरच्यांची गाडी ठरवली. दोन्ही घरांना कुलपं घातली आणि निघालो.  पिशवीत तिने गुळाचा खडा आणि साखरेचं पाणी घेतलं होतं, ती पिशवी वाटेभर छातीशी धरून बसली होती.

परंड्याच्या स्टँडवर ती बाकाबाकाखाली वाकून बघत फिरत होती. मी फोन लावत होते. शेवटी अप्पांच्या फोनचा आवाज आला तो जेवायला बसलेल्या एका कंडक्टरच्या पिशवीतून.

“हा फोन तुमच्याकडे कसा?” मी विचारलं.

“अप्पानं दिलाय की,” तो घास हातात धरून म्हणाला. “म्हनले, परंड्यापत्तुर न्हे आन् वापस आन. कायतरी तपासायचंय म्हनले. गर्दीत ऐकू आला न्हाय ओ वाजल्याला. तुमी कोन त्यांच्या?”

महादेवी मटकन बाकावर बसली. रागाने मी त्या कंडक्टरवरच ओरडणार होते. पण तिने आधी विचारलं, “आन् ते कुठं हायत?”

“धाराशिवच्या स्टँडवरच होते, च्या पीत. घरी गेले असतील आता जेवायला.”

जेवायला! दोन्ही घरांना कुलूप, किल्ल्या आमच्याकडे, आणि अप्पांचा फोन आमच्या हातात. सकाळचं इंजेक्शन तर त्यांनी घेतलेलंच होतं. अप्पा कधीही किल्ली बाळगत नसत. जगातली प्रत्येक गोष्ट तपासून घेणाऱ्या या माणसाने एक गोष्ट कधीच तपासली नव्हती, ती म्हणजे महादेवी घरात आहे की नाही. ती असतेच, असं ते धरून चालत.

परतीच्या वाटेवर गाडीवाल्याला मी वेग वाढवायला सांगत होते आणि महादेवी त्याला हळू चालव म्हणत होती, कारण तिला पोचण्याचीच भीती वाटत होती.

त्यांच्या ओट्यावर ते नव्हते. माझ्या जिन्याच्या खालच्या पायरीवर एक चप्पल दिसली, वरच्या वळणावर दुसरी. आम्ही धावत वर गेलो. टाकीच्या सावलीत, भिंतीला टेकून ते बसले होते. शर्ट घामाने भिजलेला, डोळे उघडे, पण आमच्याकडे बघत नव्हते.

“अवो, कुठं हाय तुमी? सांगा बघू,” महादेवीने त्यांचा चेहरा हातात धरून विचारलं. असं विचारून बघायला डॉक्टरांनीच तिला शिकवलं होतं.

“ड्यूटीवर,” अप्पा जड जिभेने म्हणाले. “जाळी थांबलीय. वर चढतो... पट्टा बघतो.” आणि हात टाकीच्या शिडीकडे नेऊ लागले.

तिने त्यांचा हात धरून ठेवला आणि साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. मग गूळ. बऱ्याच वेळाने त्यांची नजर ताळ्यावर आली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“दोघी कुठं गेल्ता? घराला कुलूप.”

“परंड्याला,” मी म्हटलं.

“असं तुम्ही सांगता,” अप्पा म्हणाले.

मुलांनो, मी आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही. त्या क्षणी फार थोडं राहिलं होतं. पण महादेवी “साकु”सुद्धा म्हणाली नाही. ती उठली, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली. अप्पांना मला खाली आणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना माझ्या देखत सांगितलं. तिला साक्षीला कुणी हवं होतं, असं मला वाटतं. “म्या तितं परंड्याच्या स्टँडवर बाकाखाली तुमचं मढं हुडकत हुते. तुमचा फोन खरा का खोटा, तुमचं रडार मोठं का ती दांडी मोठी, मला काय करायचंय? तुमी कुठं पडलाय ते मला कळाय पायजे. तेवढंच. विमान आपणहून वरडत जातंय ते कुनाला पटावं म्हनून न्हाय जात. वर कायबी झालं तर खालच्याला कळावं म्हनून जातंय. त्येला तेवढी अक्कल हाय.”

अप्पांची मान एका जागी थांबलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पण फोनमधली ती सोय त्यांनी बंद केली ती केलीच. घराबाहेर पडायचंही सोडलं. हे जास्त वाईट झालं, कारण आता ते दिवसभर माझ्या गच्चीवर.

असे काही आठवडे गेले. मग त्यांच्या जुन्या सोबत्याचा फोन आला. रडारची जाळी खाली उतरवणार होते. जुन्या लोकांना यायचं असेल तर यावं. अप्पांनी ते मला सांगितलं तेव्हा ते जिन्यात उभे होते आणि आवाज फार हळू होता. “उतरवताना कुणीतरी जवळ पाहिजे, बाई. तिच्या बेअरिंगचा आवाज माझ्याशिवाय कुणाला ओळखू येत न्हाय.”

“उतरवायच्याच जाळीचा आवाज ओळखून करायचं काय?” मी विचारलं. मी वैतागलेली होते. 

महादेवीला बरोबर जाणं शक्य नव्हतं, तिच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. शैला तिकडे येऊन त्यांना पुढे कायमचं बंगळुरूला नेणार होती, डोळा बरा झाला की महादेवीही तिकडेच जाणार होती. प्रश्न मधल्या प्रवासाचा होता, एवढ्या लांब एकटं जाण्याचा. महादेवी म्हणाली, “जावा. पण विमानावानी बोलत जावा.”  अप्पा भांडले, रुसले, जेवणावरून उठले, “मला जायचंच न्हाय” म्हणून झालं. ती भाकरी थापत राहिली.

हैदराबादच्या गाडीला सोडायला मी गेले होते, कारण तिला धुळीत न्यायची नव्हती. तेच अप्पांचं मला झालेलं शेवटचं दर्शन. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, त्यात डबा. पायात रबरी चपला नव्हत्या, नोकरीच्या काळातले काळे बूट होते, पॉलिश केलेले. खिडकीशी बसले. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला, दोन-तीनदा चुकीच्या ठिकाणी बोट लावलं, आणि मग काचेला चिकटवून मला पडदा दाखवला. ठिपका सुरू होता. ते माझ्याकडे बघत नव्हते. चेहरा असा, जणू कुणी त्यांना सगळ्यांसमोर अंगरखा उतरवायला लावला होता.

मी घरी येऊन महादेवीपाशी बसले. ठिपका तुळजापूरला गेला, नळदुर्गला गेला, उमरग्याला जाऊन थांबला. बराच वेळ थांबला. तिने फोन डोळ्याजवळ नेला, लांब धरला.

“बाई, परत कंडक्टरला दिला असंल तर?”

 तेवढ्यात फोन वाजला. अप्पांचाच. ते फोनवर नेहमी गच्चीवरून ओरडल्यासारखे बोलत, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

“मल्लिनाथ बोलतोय. उमरगा स्टँड. गाडी उभी हाय. तब्येत बरी हाय.” मग थोडं थांबून म्हणाले, “डबा खाल्ला. आणि... दोन जिलब्या खाल्ल्या.”

“जिलब्या?” महादेवी उभीच राहिली. “लाज न्हाय व्हय जराबी? पेढ्याच्या टायमाला काय कबूल केल्तं? गाडीत चढायच्या आधीच नजर तिकडं असंल तुमची! साकु! साकु झालं मला हे!” बोलता बोलता ती कानडीत शिरली आणि तिथून पुढचं मला काहीच कळलं नाही. पलीकडून अप्पांचा आवाज फक्त अधूनमधून “हां... हां...” एवढाच. मग गाडीचा हॉर्न वाजला आणि फोन बंद झाला.

ती डोळ्यावरचा हिरवा चष्मा सावरत खाली बसली.

“हायत बघा तितंच,” मला म्हणाली.

“कशावरून?”

“न्हायतर जिलबी सांगितली असती व्हय?”

ठिपका हलला, पुढच्या रस्त्याला लागला. तिने तो पाहिला की नाही, मला ठाऊक नाही. तिने फोन फळीवर पालथा ठेवला आणि परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, सवयीने दोघांचं.